ठाव

नारळी पुनव होऊन चार दिवस झाले होते.
मी बंदर खात्याचा नवा कारकून,
बगलेत फाईल, खिशात दोन पेनं,
आणि एक छापील तक्ता :
अनुक्रमांक, ठिकाण, खोली, शेरा.
पूर्णगडला खाडीच्या मुखाशी पाणी किती,
एवढंच लिहून न्यायचं होतं.

चहावाला म्हणाला, याकूब होडेकरला विचारा.
बेचाळीस वर्षं तांडेल आहे,
डोळे मिटून होडी आत घालतो.

याकूबचाचा धक्क्यावर जाळ्यातली गाठ सोडवत होता.
मी विचारलं.
त्यानं गाठीवरून नजर काढली नाही.
म्हणाला, "ठाव नाय."

वाटलं, कानानं कमी असेल.
मी मोठ्यानं विचारलं.
"ठाव नाय," तोही मोठ्यानं म्हणाला.
"गेल्या साली ठाव होता.
गेल्या सालची वाळू आता हितं हाय कुठं?"

मग स्वतःच उठला. "चल, बस."

दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा,
गोळ्याच्या बुडाला खळगा,
खळग्यात त्यानं कपड्यांचा साबण
अंगठ्यानं दाबून बसवला.
मुखाशी येताच इंजिन बंद केलं,
आणि बेचाळीस वर्षांचा तो तांडेल
परक्या गावात घर शोधणाऱ्या पाहुण्यासारखा
विचारत विचारत निघाला.

गोळा गेला. दोरी सैल पडली.
"दोन वाव. चिखल."
साबणाला चिकटलेला काळा गाळ
त्यानं माझ्या नाकाशी धरला.
पुढं : "सव्वा वाव. वाळू."
आणखी पुढं दोरी जेमतेम भिजली.
चाचा गप्प राहिला, मग हसला.
"हितनंच न्यायचो मी.
डोळे मिटून."

मला का कोण जाणे
रत्नागिरीच्या सिव्हिलचा जिना आठवला.
तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आईनं विचारलं होतं,
काय म्हणाले रे डॉक्टर?
मला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं.
पण घराण्यातला पहिला बारावी सायन्स मी,
कसं सांगणार?
म्हणालो, काही नाही गं, सूज आहे, उतरेल.
ती निर्धास्त शेवटची एस्टी धरून घरी गेली,
बाबांच्या पेजेचे तांदूळ आणायला.
दुसऱ्या दिवशी दुपारी आली
तेव्हा खाटेवर नवी चादर होती.

एक रात्र होती तिच्या हक्काची.
ती मी एका उत्तरात बुडवली.

होडी वळली. चाचानं वाळूच्या कडेला
बांबू रोवला, त्याला जुन्या लुंगीची चिंधी बांधली.
"पुढच्या उधाणापत्तूर," म्हणाला. "मग परत बघायचा."

मी तक्त्यात आकडे भरले.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
आज, अर्ध्या भरतीला, इतकी. उद्याची ठाऊक नाही.
साहेबांनी लाल पेन्सिलीनं ते खोडलं,
सरकारी कागदावर असलं लिहीत नाहीत, म्हणाले,
आणि गेल्या वर्षीचा आकडा
स्वच्छ अक्षरात उतरवून काढला.

त्या रात्री घरी गेलो.
आई मागच्या दारी सोलं गोळा करत होती,
दिवसभर उन्हात टाकलेली.
मी म्हणालो,
त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले
ते मला कळलंच नव्हतं, आई.
मी तसंच सांगितलं तुला.

तिचे हात थांबले.
ती काही बोलली नाही.
गोळा खाली जात राहिला,
जात राहिला,
दोरी माझ्या तळव्यातून सरकत राहिली,
वाव मोजायचं मी विसरलो.

मग कुठंतरी टेकला असावा.
"हात धू," ती म्हणाली,
"पान वाढते."