ठिपक्यांच्या रेषा

नकाशा उघडला तर जेवणाचं टेबल पुरेना,
उत्तरेचं टोक खुर्चीवर टेकवावं लागलं.
आर्नफिन म्हणाला, बघ, एवढा लांबलचक देश
आणि आपण राहिलो या नखाएवढ्या जागेत.
मी चष्मा शोधत होते.

एकतीस वर्षं मी फेरीबोटीवर तिकिटं फाडली.
या काठावरून त्या काठावर, अकरा मिनिटं,
वारा असला तर चौदा.
गाड्यांच्या काचा खाली व्हायच्या.
जर्मन, डच, एकदा तर एक कुटुंब थेट ब्राझीलचं:
गायरांगेरला कसं जायचं, बाई?
मी सांगायचे, उतरलात की डावीकडे,
मग आणखी एक बोट, मग अकरा वळणांचा घाट,
धबधबा दिसला की थांबा, पण रस्त्याच्या मधोमध नको.
इतकं ठासून सांगायचे
की मलाच वाटू लागलं, मी जाऊन आलेय.

ऑक्टोबरात फ्योर्डखालून बोगदा सुरू झाला.
आता चार मिनिटं, आणि पाणी दिसतसुद्धा नाही.
निरोपाला कंपनीनं केक दिला
आणि एक भिंतीवरचं घड्याळ.
ते मी न्हाणीघरात लावलंय.

तर, प्रवास.
आर्नफिनला शहरं हवीत.
ट्रॉन्डहाइमचं कॅथेड्रल.
ऑस्लोत ऑपेराच्या छपरावर चालता येतं म्हणे, फुकट.
फुकट हे तो दोनदा म्हणाला.
बर्गनला दोन दिवस, म्हणजे एक तरी कोरडा मिळेल.
तीन ठेव, मी म्हटलं, बर्गन आहे ते.

मला काय हवंय, चटकन सांगता येईना.
हार्डांगरचा सफरचंदांचा बहर, मे संपता संपता.
लोफोटेनला काठ्यांवर टांगलेला कॉड.
वास मारतो तो, आर्नफिन म्हणाला.
मासाच तो, अत्तराचा येईल का?

हिशेब वीजबिलाच्या पाकिटामागे.
हॉटेलचा आकडा लिहिला, खोडला.
तंबू लिहिला. मग त्याचे गुडघे आठवले. खोडला.
चुलतबहीण गुन्वोरचं केबिन आहे वाल्द्रेसला,
किल्ली पायरीजवळच्या दगडाखाली;
कुठल्या दगडाखाली, ते ती फोनवर सांगत नाही.
पाव, तपकिरी चीज, थर्मास घरूनच.
गाडी विजेची, तिलाही दर तीनशे किलोमीटरला
जेवायला घालावं लागतं, आणि ती सावकाश जेवते.

ट्रोम्सोहून लेकीचा फोन:
आई, सगळं बसल्या जागी बुक होतं गं.
मी म्हटलं, पेन्सिल आहे माझ्याकडे.

तो झोपल्यावर मी एकटीच बसले.
जूनची रात्र, दिवा लावायची गरजच नव्हती.
रस्ते लाल, रेल्वे काळी,
आणि निळ्यावरून जाणाऱ्या
बारीक ठिपक्यांच्या रेषा.
एकेक ठिपका बोटानं दाबत गेले.

सकाळी आर्नफिननं पेन्सिलीचा मार्ग पाहिला.
हा वळसा कशाला? सरळ रस्ता आहे की.
आणि हा? आणि इथे पूल आहे, ओडलॉग,
पूल असून तू बोटीनं का जातेयस?

काय सांगू.
एकतीस वर्षांत वरच्या मजल्यावर मी कधी बसले नाही.
वर काचेपाशी गरम स्वेले खातात लोक,
लोणी आणि साखर लावून,
वास खाली गाड्यांपर्यंत यायचा.
डोंगर मी पाहिले ते गाड्या मोजता मोजता,
बत्तीस, तेहेतीस, ट्रकमागून अर्धा सुळका, चौतीस.

आता तिकीट म्हणे कॅमेराच फाडतो.
तरी पिवळ्या जाकिटातली एखादी पोरगी असेलच
हात हलवून गाड्या आत घेणारी.
मी काच खाली करीन
आणि विचारीन तिला, गायरांगेरला कसं जायचं?

आर्नफिन म्हणाला, तुला तर पाठ आहे.

हो, म्हटलं. तू चार्जरची वायर शोध.