थाबितचं विवर

पौर्णिमा माझ्या कामाची नाही.
उजेड समोरून पडला की चंद्र
थापलेल्या भाकरीसारखा सपाट.
मला अष्टमी लागते, तिरपं ऊन,
विवरांच्या काठाशी लांबलेल्या सावल्या.

जुबैलची गच्ची रात्री दहालाही गरम,
एसीची घरघर, लांब रिफायनरीची ज्योत,
आणि दुर्बिणीत चंद्र
आधणातल्या तांदळासारखा खदखदतो.
दुर्बीण जुनी, मनिलाला परतलेल्या रोडेलची.
मोबाईल आयपीसला रबरबँडने बांधलेला.

जिन्यात पावलं. येमेनी वॉचमन:
एवढ्या रात्री वर कोण?
मी मोबाईल सोडवून त्याला जागा दिली.
ती केसासारखी रेघ दिसते?
कडा आहे तो, शंभरावर किलोमीटर लांब.
शेजारचं विवर तुझ्या नावाचं.
"थाबितचं?"
हो. हजार-अकराशे वर्षांमागे
एक गणिती होता, तुझाच नावबंधू.

तो श्वास रोखून वाकला.
मग हसला: "थाबित म्हणजे जागचा न हलणारा.
आणि हा तर निघाला!"

निघतोच. दीड मिनिटात चौकटीबाहेर.
मी चक्री फिरवून परत आणतो.

पहाटेपर्यंत दोन हजार चौकटींतल्या
साठ निवडल्या, एकावर एक रचल्या.
कडा धारदार आला.
फाटकापाशी त्याला दाखवला.

बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, तो कच्चा व्हिडिओ दे, थरथरणारा.
मुकल्लाला आईला पाठवतो.
हे बघून ती म्हणेल,
कुणी काढलंय रे चित्र?