हे दोन्ही एकच ठिकाण आहे का?

पारव्यात लेनगुऱ्यांचं दुकान एकच होतं
बापाच्या वेळेला. नकाशावर तीन निघाली.

एक घाटंजी रस्त्याचं, टिनाचं शेड,
दारात जळक्या मोटरींची रांग
अन् व्हार्निशचा वास, जो फोटोत येत नाही.
दुसरं त्याच शेडचं, भिंतीपलीकडचं अर्धं.
‘लेंगुरे मोटार बायडिंग’, कुण्या पोरानं घाईत टाकलेलं;
वायंडिंगचं बायडिंग झालं, ते तसंच चाललं.
तिसरं नाल्यात.
म्हणजे खरंच नाल्यात. निळ्या रेघेवर लाल टिकली.

त्या टिकलीमागं कुर्लीचा एक पोरगा
पाच एचपीची मोटर गाडीवर सुतळीनं बांधून
रात्रीची लाइन यायच्या आत म्हणून निघाला,
अन् बेशरमाच्या झाडोऱ्यात उभा राहून
मला फोनवर म्हणाला,
“मॅडम, पोचलात म्हणून आलं यात. कुठी पोचलो जी मी?”

मलाच फोन, कारण नाल्यातलं ते माझं पाप.
सेवा केंद्र नवं होतं, रेंज एका काडीची,
बोट घसरलं, दुकान वाहून गेलं.

रुपरावभाऊ आले. “छायाबाई, पुसून टाका ते. किती होतीन?”
पन्नास म्हटलं. माझ्याच चुकीचे पन्नास.
कारण विचारलं फोननं. मी निवडलं : अस्तित्वात नाही.
नाला राहिला, टिकली गेली.

मग उरलेल्या दोघांखाली आपसूक एक ओळ आली :
हे दोन्ही एकच ठिकाण आहे का?
हो. नाही. खात्री नाही.

आता काय दाबू?
नऊ वर्षं झाली त्या भिंतीला.
तार गुंडाळायचं यंत्र रुपरावकडं आलं,
त्याचा दांडा माणिककडं राहिला,
तेव्हापासून दोघंही हातानंच गुंडाळतात.
लग्नाच्या पंगतीत एक वाढायला उठला की दुसरा जेवायला बसतो.
पण वेढे मोजतात दोघंही मोठ्यानं, बापासारखे,
एकशे बारा, एकशे तेरा,
अन् एकाचा आकडा चुकला
की पलीकडचा आवाज थोडा खाली येतो.
हे मी ऐकलं आहे. माझं केंद्र समोरच आहे.

मी काहीच दाबलं नाही. फोन पालथा ठेवला.

चार दिवसांनी नकाशानं आपल्या मनानं एक केलं.
आडनाव एक, रस्ता एक, छप्पर वरून एकच दिसतं;
वरून बघणाऱ्याला भिंत दिसत नाही.
नाव राहिलं रुपरावचं, नंबर माणिकचा,
चांदण्या दोघांच्या मिसळून चार पूर्णांक तीन,
फोटो मात्र नाल्याचा.

रुपरावच्या गिऱ्हाइकांचे फोन माणिकला जाऊ लागले.
पहिल्या दिवशी त्यानं कापले.
दुसऱ्या दिवशी रॉंग नंबर म्हणाला.
तिसऱ्या दिवशी कुणी म्हातारा होता,
हरभरा फुलावर, मोटर बसलेली, फोन सोडेचना.
तेव्हा माणिकनं पान्यानं भिंत ठोकली दोनदा :
“ओ. तुमचा मानूस हाय.”
दादा नाही, नाव नाही. ओ.
पलीकडून बराच वेळ काही नाही,
मग, “पाठव.”

संध्याकाळी रुपरावभाऊ माझ्याकडं.
म्हटलं, तक्रार टाकता येते,
दोन्ही परत वेगळी होतील, पन्नासच लागतील.
बसले. चहा सांगितला, घेतला नाही.
“राहू द्या आत्ता. हरभऱ्याचं पानी होऊ द्या, मंग पाहू.”

हरभरा निघाला, गोणीत गेला, विकला गेला.
फॉर्म माझ्याकडं अर्धा भरून पडला आहे,
कारणाच्या रकान्यापर्यंत.
भिंत आहे तशीच आहे, पान्याच्या जागी पोपडे पडलेत जरा.

अन् परवा नाल्यात पुन्हा एक टिकली उगवली.
ती मात्र मी टाकलेली नाही.