तीस सेकंद

भरमूनं डिस्कची वाटणी केली:
चाळीस जीबी जुन्या एक्सपीला,
उरलेली नव्याला.
"जुनं पुसूनच टाकू काय ओ?"

नको रे. पत्रिकांचे फॉन्ट तिथंच चालतात.
नव्यात उघडलं
की चि. सौ. कां.चे नुसते चौकोन.
नंदगडच्या शिवलीलाची कन्नड पत्रिका,
तिचेही चौकोनच.
दोन्ही भाषा जुन्या बाजूला राहिल्या,
पलीकडं जीएसटी आणि प्रिंटर.

मग पेनड्राइव्ह घेऊन मीच
दिवसातून दहादा ये-जा करतो.
काळ्या पडद्यावर दोन नावं, तीस सेकंद.
खानापूर स्टँडवर बेळगाव गाडीचा हॉर्न.
एकोणतीस. अठ्ठावीस.
नाही निवडलं
तर ते आपलं आपण निवडतं.

सकाळी, शटर अर्धंच वर असताना,
कधीकधी मी
हात खिशातच ठेवतो.