नळ कितव्या दिवशी

गफूरमामूंच्या रोपवाटिकेत
किंमत शेवटी कळते.
आधी विचारतात,
"नळ कितव्या दिवशी येतो, बाई?"
मी म्हणते, नवव्या. कधी बाराव्या.
मग हिरव्या जाळीखालच्या रांगेकडं ते बघतही नाहीत,
सरळ नेतात उन्हातल्या रांगेशी,
जसा मध्यस्थ
बापाची ऐपत ओळखून
तेवढीच स्थळं काढतो पिशवीतनं.

एकतीस वर्षं झाली याला.
टेलिफोन ऑफिसात लागले, परभणीत खोली घेतली,
तेव्हा उषा रत्नपारखीनं महाबळेश्वरहून
ओल्या टॉवेलात गुंडाळून नेचा आणला होता मला.
रांजणाच्या सावलीत ठेवला, दिवसातनं चारदा शिंपडला.
एप्रिलच्या अकरा तारखेला
तो चहाचा चोथा झाला.
मग शेवंती गेली. ती उन्हानं नाही,
बोअरच्या पाण्यानं, जे कुंडीवर
पांढरी रेघ ओढून जायचं,
हजेरी घेतल्यासारखं.

जे जे मेलं
ते मी हळूहळू नावडतं करून टाकलं.

आता कुणी विचारलं तर ऐटीत सांगते,
मला नाही आवडत ती मोठी, मऊ, ओली पानं.
पान कसं, बारीक हवं, जरा राखी,
तेल चोळून घट्ट झालेल्या अंगासारखं.
पुण्याला भाचीच्या बाल्कनीत तर
कसंतरीच झालं मला.
इतकं हिरवं!
पानात नुसतं श्रीखंडच वाढावं, तसं.

माझी बोगनवेल बघा.
पाणी दिलं की रुसते, तोडलं की पेटते.
चाफा पानं टाकून उभा राहतो
आणि मग, कुठून कोण जाणे, फुलं काढतो.
चिनी गुलाब दहाशिवाय डोळा उघडत नाही.
मेमध्ये पत्रे तडतडतात दुपारचे,
तेव्हा मोगरा ओंजळभर,
तांदूळ धुतलेल्या पाण्यावर.
आणि पौषात याच गावात
थंडी अशी पडते की अडेनियमची कुंडी
मी देवघरात नेते
आणि देवाला म्हणते, जरा सरक.

गेल्या साली मात्र हस्त उठायलाच तयार नव्हता.
दसरा भिजला, दिवाळीचे दिवे घरात लावले.
काळी माती फुगली,
कंपाउंडची भिंत शेजाऱ्याकडं कलली.
अडेनियमचं खोड दाबून पाहिलं,
बोट आत गेलं.
कोरफड बसली, उकडल्यासारखी.
तीस वर्षांची माझी आवड
पंधरा दिवसांत कुजली,
आणि वास यायला लागला तिचा.

मामू ताडपत्रीखाली रिकाम्या पिशव्या मोजत बसलेले.
नळाचं त्यांनी विचारलंच नाही.
"काय द्यावं, कळंना बाई," एवढंच बोलले.
मीही तशीच परतले.

आणि न्हाणीच्या मोरीपाशी,
विटेच्या फटीत,
कुणी न लावलेला
एक नेचा.
करंगळीएवढा. टोक आत वळलेलं,
हिवात झोपलेल्या पोरासारखं.

मी खुरपं घेऊन वाकले होते.
सवयच ती.
खूप वेळ तशीच वाकून राहिले,
कंबर धरली तरी.
ही नावड माझी होती
की उन्हानं माझ्या नावावर लिहून ठेवलेली,
ते खुरप्याला काय विचारायचं?

फाल्गुनापर्यंत जाईल तो.
मला ठाऊक आहे. त्यालाही असावं.
तरी आंघोळीचा शेवटचा तांब्या
मी जरा तिकडं कलवून ओतते,
कुणी बघत नाही असं पाहून.

काल मामूंकडं गेले.
"नळ कितव्या..." त्यांनी सुरू केलं.
म्हटलं, नवव्याच, मामू. त्यात काही बदल नाही.
पण आज जाळीखालचं दाखवा.
घ्यायचं नाही,
नुसतं बघायचंय.