आवक क्रमांक ४११८

राज्य बदललं तो रविवार होता.
कोठी कचेरीला कुलूप,
आणि दांडिया बाजारात आमचे नाना
सायकलचं पंक्चर काढून घेत होते.

सोमवारी साडेदहाला पोचले, रोजच्यासारखे.
साहेब म्हणाले, टिपणीस, नवी वही काढा.
नवं सरकार, नवा आकडा, एकपासून.
नाना 'जी' म्हणाले,
आणि जुन्याच वहीत, शनिवारच्या ४११७ खाली
लिहिलं ४११८.

हे मी गुलनाराला सांगत होते
प्रशिक्षण संस्थेच्या उपाहारगृहात.
बिश्केकहून आलेली, सोबत अकरा अधिकारी,
तीन आठवड्यांत शिकायचं होतं
नोकरशाही कशी सुधारतात.
सकाळी पडद्यावर शब्द आले होते :
गुणवत्ता, निःपक्षपात, उत्तरदायित्व.
प्रत्येक शब्दातून एक बाण निघे
आणि दुसऱ्या शब्दात जाऊन बसे.
मी निवृत्त नायब मामलतदार,
मला चहा आणि ग्रुप फोटोच्या मधली
चाळीस मिनिटं दिली होती.

'आमचं शनिवारी बदललं,' ती म्हणाली.
सेव-उसळीची तर्री झोंबली होती,
नाक पुसत बोलत होती.
तिची आई टंकलेखिका. तिसरा मजला.
दर शुक्रवारी एक यादी :
पावाच्या रांगेत कोण काय बोललं.
आईनं त्यातला एकही चेहरा पाहिला नाही.
म्हणायची, वीस वर्षांत
माझी एक वेलांटी चुकली नाही.

आता गुलनारा समितीची अध्यक्ष.
जुन्या सगळ्यांची नव्यानं परीक्षा, शंभर गुण.
आई गेली. पण आईनं शिकवलेल्या दोघी
त्याच खोलीत आहेत, तशाच बिनचूक.
'सांगा,' ती म्हणाली,
'शुद्धलेखनाला किती गुण ठेवू?'

मी नानांचीच गोष्ट पुढे रेटली.
४११८ म्हणजे गोजराबाईचा अर्ज,
नवरा बग्गीखान्यात मोतद्दार होता,
पेन्शन एकोणीस महिने अडलेली.
वही नवी झाली असती तर ती उरली असती
नसलेल्या राज्यात, नसलेल्या दाराशी.
म्हणून नानांनी आकडा तोडला नाही.
गुलनारानं मान डोलावली.
इथं थांबले असते तर बरं दिसलं असतं.

पण दोन हजार तीन साली
दप्तर संगणकावर चढवताना
तीच वही माझ्या हाती आली होती.
दोन पानं मागे, ३९०२.
धनजी वालजी परमार, मॅट्रिक, दुसरा वर्ग,
कारकुनाच्या जागेसाठी अर्ज.
शेरा नानांच्या हातचा : जागा नाही.
त्या महिन्यात तीन जागा भरल्या.
तिघंही दिवाळीला आमच्याकडे फराळाला असत,
एक तर माझा सख्खा काका.
आणि नाना स्वतः तरी कसे लागले?
मामांच्या चिठ्ठीवर.

अक्षर, सांगते तुला, सुरेख होतं.
'जागा नाही' मधला ग
मी पुष्कळ वेळ बघत बसले होते.
नोंद जशी होती तशीच चढवली.
वरच्यांना सांगितलं नाही. सांगून काय,
विचारणारं कुणी नव्हतं,
आणि मी त्यांची मुलगी होते.

ती काही बोलली नाही.
उसळीवर तेलाचा थर धरला.
मग म्हणाली, दोन्ही आकडे लिहून दे.
मी कागदी रुमालावर लिहिले.
तिनं वहीत उतरवले, आमच्याच आकड्यांत,
३९०२ वर, ४११८ खाली.
तिचा ८ उलट्या बाजूला उघडत होता.
मी दुरुस्त केला नाही.

बाहेरून हाक आली, फोटो, फोटो.
मला पाहुणी म्हणून मधे उभं केलं,
ऊन तोंडावर, सगळे डोळे बारीक केलेले.
प्रत माझ्याकडे आहे.
गुलनारा डावीकडून चौथी,
वही बंद,
एक बोट आत, त्या पानावर.