प्रतिवादी क्रमांक चार

गावाचं नाव खरड, आणि पोटापाण्याचं कामही तेच.
चंडीमंदिरला, लष्करी न्यायाधिकरणात,
वकीलसाहेबांचा मुन्शी आहे मी.
पानांना आकडे घालतो, दोऱ्याने शिवतो,
प्रती मोजतो.

कर्नल हरकीरत सिंग मांगट पहिल्यांदा आले
ते पायरीवर बूट पुसून.
इथे कुणी पुसत नाही.
म्हणाले, दहा दिवसांचं भांडण आहे.

कमिशनची तारीख अकरा जून.
दिल्लीत कुणाच्या तरी यंत्रावर
एकाचा दोन झाला : एकवीस.
मधल्या दहा दिवसांत रेघ होती,
रेघेच्या अलीकडचे आधी मंडळापुढे गेले,
पलीकडचे राहिले.
माझं बोट आपोआप टेबलाखाली गेलं.
उजव्या हाताचं, पहिलं.
असे किती दोन मी केले असतील.

साहेबांनी विचारलं : यादीत तुमच्यावर कोण?
पठानिया. टिकेंद्र पठानिया. एकच जागा होती, त्याला मिळाली.
मग त्यांना प्रतिवादी करावं लागेल.
त्याला नको.
नाही केलं तर अर्ज पहिल्याच दिवशी पडेल, कर्नल.

कर्नल बराच वेळ पंख्याकडे बघत होते.
मग मलाच सांगू लागले, साहेबांना नाही :
बर्फातल्या चौकीवर माझी बोटं काळी पडली होती,
तर रात्रभर त्याने माझे पाय
शर्टाच्या आत, स्वतःच्या पोटावर धरले.
शिव्या देत होता मला. सगळ्या कांगड्याच्या.

हे कुठल्या परिच्छेदात घालायचं मला कळेना.
मी टाइप केलं :
प्रतिवादी क्रमांक चार, ब्रिगेडियर टी. पठानिया.
'सदर प्रतिवादी अर्जदारास कनिष्ठ असून'.

चार महिन्यांनी उत्तर आलं, शपथेवर.
परिच्छेद एक ते पाच, नोंदीचा भाग.
परिच्छेद सहा नाकबूल.
सात नाकबूल. आठ साफ नाकबूल.
शेवटच्या पानाच्या पाठीवर, पेन्सिलीने, तिरकं :
हरकी, थंडीत पाय दुखतात का अजून?

पाठीला आकडा घालायचा नसतो.
खोडरबर हातात घेतलं, ठेवलं.
ती प्रत कर्नलसाहेबांना दिली,
न्यायासनाकडे कोरी पाठ गेली.

मग तारखा. सदस्य नाहीत म्हणून, सरकारी वकील नाहीत म्हणून,
एकदा तर छत गळलं म्हणून.
नऊ वर्षं. दोघंही निवृत्त झाले,
ब्रिगेडियर पालमपूरला चहाच्या उतारावर,
कर्नल लुधियान्याला, मुलीकडे.

निकाल : तारीख अकरा जूनच.
अर्जदारास काल्पनिक बढती.
शब्द माझा नाही, आदेशातला आहे.
पट्टी खांद्यावर नाही, पेन्शनच्या रकान्यात.
वरातीमागून घोडं, मी मनात म्हटलं,
आणि तेही कागदी.

कर्नल नक्कल घ्यायला आले. बूट पुसले.
काठी आहे आता.
प्रतिवादींच्या प्रती टपालाने जातील, मी म्हणालो.
चौथी? त्यांनी विचारलं.
तीही.
ती दस्ती द्या. मी पोचवतो.

दस्ती म्हणजे हातोहात, नियमात बसतं.
त्रेचाळीस सेक्टरहून पालमपूरची गाडी रात्री सुटते,
हेही मी सांगितलं, नियमात नसताना.
पिशवीत आदेशाच्या खाली
ते जुनं शपथपत्र दिसलं, कडा पिवळ्या.

पोच अजून आलेली नाही.
खरं तर फाइल बंद करायला हवी होती.
एक पान कोरं ठेवलंय शेवटी,
आकडा घालून.